डॉ. रखमाबाई

सुरत शहरातील स्त्रियांच्या रुग्णालयात १८९५ साली एक मराठी स्त्री-डॉक्टर रुजू झाली. रुग्णालय होते, औषधे होती. रुग्ण मात्र येईनात. बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीतच व्हावयाचे, अशी त्या काळची रीत होती आणि रुग्णालयाची स्त्रियांना विलक्षण धास्ती वाटे. तेव्हा या डॉक्टरांनी एक गाभण शेळी आणवून रुग्णालयातच तिची सुखरूप सुटका करून दाखविली, अशी आठवण सांगतात. हळूहळू भीती ओसरली आणि खाटा भरू लागल्या. त्या डॉक्टर म्हणजे रखमाबाई.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. परंतु त्या माहेरीच राहिल्या आणि विद्याभ्यासात रमल्या. १८८४ मध्ये दादाजींनी त्यांच्या ताब्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. समज येण्यापूर्वी झालेले लग्न आपल्याला बंधनकारक नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात राहा, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली! अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. स्वतःच्या आयुष्यावर स्वतःचा हक्क मिळविण्यासाठी एका स्त्रीला एवढी किंमत मोजावी लागली. या खटल्याने देशभर वादळ उठविले आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्याने चालना दिली.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेस गेल्या. स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि डॉक्टर होऊनच त्या स्वदेशी परतल्या. पुढे दादाजी १९०४ साली वारले, तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. ज्या लग्नाशी त्या न्यायालयात झगडल्या, त्याच लग्नाचे हे चिन्ह त्यांनी का स्वीकारावे, याचे उत्तर सोपे नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र त्यांचे मन स्वच्छ होते. १९१८ मध्ये सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेतील जागा चालून आली असता ती नाकारून त्यांनी राजकोट संस्थानातील स्त्री-रुग्णालय पसंत केले व तेथे मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून काम पाहिले. सुरत व राजकोट मिळून त्यांची सेवा सुमारे पस्तीस वर्षांची झाली.

निवृत्त होऊन त्या मुंबईस आल्या. पडदापद्धती बंद व्हावी म्हणून १९२९ मध्ये त्यांनी एक पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.