बालोद्यानाचा जनक फ्रोबेल

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतील पुष्कळ आईबापांची अशी समजूत आहे की, सहा वर्षांच्या आतील लेकरास शिकवावयाचे ते काय? आणि जेथे अशी लहान मुले शाळेत येतात, तेथे ती गाताना व मातीत खेळताना दिसली की, मास्तर काही शिकवीत नाहीत, अशी कुरकुर आमच्या कानी येते. ही समजूत दूर करण्यासाठी ज्या पुरुषाने आपला देह झिजविला, त्या फ्रेडरिक फ्रोबेलचे चरित्र आज थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे.

फ्रोबेलचा जन्म जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात, ओबरवाइसबाख ह्या डोंगरी गावी, ता. २१ एप्रिल १७८२ रोजी झाला. त्याचा बाप लूथरन मंडळीचा पाळक होता. मूल नऊ महिन्यांचे असता आई वारली. बाप मंडळीच्या कामात गढून गेलेला. सावत्र आईस स्वतःचे मूल झाल्यावर ह्या पोरक्याची माया उरली नाही. तो घराभोवतीच्या बागेत एकटाच झाडाफुलांच्या संगतीत वाढला. दहाव्या वर्षी मामाने त्यास आपल्या घरी नेले, तेव्हा कोठे त्यास प्रेमाचा शब्द ऐकावयास मिळाला. उपदेशक बंधूंनो, दुसऱ्यांच्या मेंढरांमागे फिरताना आपल्याच घरचे कोकरू उपाशी राहू शकते, हे ह्यावरून ध्यानी घ्यावे.

पुढे पुष्कळ दिवस त्याचे चित्त एका कामी स्थिर होईना. पंधराव्या वर्षी तो वनाधिकाऱ्याच्या हाताखाली राहिला. नंतर येना येथील विद्यापीठात गेला, आणि कर्ज न फिटल्यामुळे तेथील कोठडीत नऊ आठवडे पडला. १८०५ साली फ्रांकफुर्ट येथे एका शाळेत शिकविण्याचा प्रसंग आला, तेव्हा आपणास देवाने कशासाठी निर्मिले हे त्यास उमगले. स्वित्झर्लंडात पेस्तालोत्सी नामक थोर गुरूजवळ त्याने १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे काढिली. भाऊ वारल्यावर त्याची पोरकी मुले व दुसऱ्या भावाची मुले मिळून पाच पुतण्यांस घेऊन त्याने १८१६ साली शाळा काढिली. ती पुढील वर्षी काइलहाउ ह्या खेड्यात नेली. पैशाची चणचण त्यास जन्मभर सुटली नाही.

शाळेत येणाऱ्या मुलांस पाहता पाहता त्यास असे दिसून आले की, पाया त्याआधीच घातला जातो. म्हणून १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने अगदी लहान मुलांसाठी काम आरंभिले आणि १८४० साली त्यास किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. मूल हे देवाने लाविलेले रोप. माळ्याने ते ओढून उंच करावयाचे नसून त्यास पाणी घालावयाचे, असा त्याचा भाव होता.

तेथे मुले काय शिकत? प्रथम लोकरीचे सहा रंगीत चेंडू हाती येत. त्यांवरून रंग व गती कळे. मग लाकडी गोळा, नळकांडे व घन. त्यानंतर आठ लहान ठोकळ्यांचा मोठा घन. तो मोडून मूल घर रची, पुन्हा जुळवी, आणि अर्धा, पाव हे हिशेब पाठ केल्यावाचून शिके. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, मातीच्या वस्तू करणे ह्यांनी हात व डोळा तयार होई. फेर धरून गाताना आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लागे. प्रत्येकास छोटासा वाफा असे, आणि शेजारी सर्वांचा मिळून एक वाफा असे. त्यावरून आपले काय व सर्वांचे काय, हे कळे.

एवढ्या निरुपद्रवी कामावरही संकट आले. ता. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने, ही शाळा मुलांस नास्तिक करिते असा आळ घेऊन, तिजवर बंदी घातली. त्याच्या एका पुतण्याची मते त्याच्या माथी मारली गेली होती. पाळकाच्या ह्या देवभीरू पुत्राने अर्ज केले. उपयोग झाला नाही. ता. २१ जून १८५२ रोजी तो निवर्तला. बंदी उठली ती १८६० साली. परंतु बी तोवर देशोदेशी पडले होते. आमच्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असता ह्याच पद्धतीचा अभ्यास केला, व १८८९ साली मुंबईस शारदासदन काढिले.

प्रिय वाचकहो, फ्रोबेलचे ठोकळे आपणांस विकत घेण्याची गरज नाही. चिंचोके आहेत, ओढ्याकाठची माती आहे, चिपाडाच्या गाड्या आहेत, आणि प्रार्थनामंदिरामागे हातभर जमीन आहे. प्रभूने बालकांस जवळ घेतले तेव्हा शिष्यांनी त्यांस दटाविले होते. आपणही तसे करू नये. ज्यास बालपणी मायेचा हात लाभला नाही, त्याने हजारो लेकरांस तो मिळवून दिला. मग ज्यांच्या घरी लेकरे हसत आहेत, त्यांनी किती करावे बरे?