मेंदूचा आलेख काढणारे डॉ. हान्स बर्गर

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सुचविले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. लेखनाची सवय नाही. परंतु एका परदेशी डॉक्टरांचे आमच्या घरावर ऋण आहे, म्हणून हे धाडस करीत आहे.

माझी धाकटी मुलगी सात वर्षांची असताना जेवता-बोलता मध्येच थांबे. घास हातात तसाच, नजर एका जागी. काही क्षणांनी पुन्हा जेवू लागे. अभ्यासात लक्ष नसते अशी शाळेतून तक्रार येई. मीही तिला रागावले, एकदा तर मारलेही. शेवटी परळच्या इस्पितळात तिच्या डोक्याला तारा लावल्या, जोरजोराने श्वास घ्यायला सांगितले आणि मेंदूचा आलेख काढला. तेव्हा कळले की ते दुर्लक्ष नव्हते, ती फिट होती. माणसाच्या मेंदूचा असा आलेख प्रथम काढला तो डॉ. हान्स बर्गर यांनी.

त्यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत कोबुर्ग गावाजवळ झाला. वडील डॉक्टर होते. हान्स खगोलशास्त्र शिकण्यास येना शहरी गेले, पण लवकरच ते सोडून वर्षभरासाठी सैन्यात दाखल झाले. तेथे एकदा घोडा उधळून ते तोफगाड्याच्या चाकापुढे पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असे वाटू लागले व तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. बहिणीच्या मनाला हे कसे कळले, या कोड्यापायी ते वैद्यकाकडे वळले.

ते कोडे काही सुटले नाही. परंतु येनाच्या मनोरुग्णालयात काम करताना १९२४ साली त्यांना मेंदूतील विजेच्या अतिसूक्ष्म लाटा टिपता आल्या. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही त्यांनी प्रयोग केले. पाच वर्षे पडताळा पाहून १९२९ साली ते प्रसिद्ध केले. प्रथम फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन यांनी तो शोध खरा असल्याचे दाखविले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील डॉक्टरांना माझ्या मुलीला येत तशा फिटमध्ये सेकंदाला तीन लाटा दिसल्या. फेफरे म्हणजे भूतबाधा नव्हे, मेंदूतील विजेचा बिघाड आहे, हे कागदावर दिसले.

आता एक दुःखाची गोष्ट. १९३३ साली हिटलरच्या सरकारने कायदा केला, की आनुवंशिक फेफरे असणाऱ्यांना मूल होऊ नये म्हणून सक्तीने शस्त्रक्रिया करावी. त्या कायद्याच्या येना येथील वरिष्ठ न्यायालयात बर्गरही बसले. हे वाचून मन खट्टू झाले. वगळावे असेही वाटले, पण ते खरे झाले नसते. १९३८ साली ते निवृत्त झाले आणि १ जून १९४१ रोजी खिन्नतेच्या भरात त्यांनी आत्महत्या केली.

आपल्याकडेही हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचा उल्लेख लग्नाच्या आड येई. तो १९९९ साली काढला. आपल्या चाळीतून मात्र ती कुजबुज अजून गेलेली नाही. म्हणूनच सासूबाईंनी हे छापू नको असे सांगितले होते. मी मुलीला विचारले आणि तिच्या संमतीने लिहीत आहे. औषधाने तिच्या फिट थांबल्या आहेत. उद्या तिचे लग्न ठरविताना मी हे लपविणार नाही.

भगिनींनो, कोणाला फिट आली तर कांदा वा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर इस्पितळात न्या. डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध बंद करू नका. आणि मूल मध्येच गप्प होऊन एकटक पाहू लागले, तर माझ्यासारखा हात उगारू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.