सखाराम अर्जुन

डॉ. सखाराम अर्जुन राऊत (१८३९ – १६ एप्रिल १८८५) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामांकित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक व मराठी वैद्यकीय ग्रंथकार होते. मराठीतून आधुनिक वैद्यक शिकविणारे अध्यापक आणि डॉ. रखमाबाई यांचे सावत्र वडील म्हणून ते ओळखले जातात.

पार्श्वभूमी व शिक्षण

मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी संस्था १८२६ मध्ये निघाली. मात्र १८३२ मध्ये ती बंद झाली. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजीतून शिक्षण दिले जाई. सखाराम अर्जुन यांनी तेथे एल.एम. ही पदवी मिळविली. पुढे त्यांनी सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात काम केले.

अध्यापन व ग्रंथलेखन

दवाखान्यांसाठी देशी भाषा जाणणारे वैद्यकीय कर्मचारी तयार करण्याकरिता महाविद्यालयात मराठी व गुजराती वर्ग चालत. सखाराम अर्जुन मराठी वर्गाला शिकवीत. रोगाची लक्षणे रुग्ण स्वतःच्या भाषेत सांगतो, म्हणून ती भाषा वैद्यकशास्त्राला जोडून देणारी पाठ्यपुस्तके आवश्यक होती. ‘वैद्यतत्त्व’ (१८६९) व ‘गर्भविद्या व प्रसूतिकरण’ या ग्रंथांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. प्रसूतीसारख्या संकोचाने झाकलेल्या विषयावर मराठीत शास्त्रीय लेखन करणे त्या काळी विशेष होते. विवाह व आरोग्य यांसंबंधी ‘विवाहविज्ञान’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांनी तयार केलेली इंग्रजी सूची १८७९ मध्ये प्रसिद्ध झाली.

निसर्गअभ्यास

१८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई नैसर्गिक इतिहास संस्थेच्या आठ संस्थापकांत दोन भारतीय होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन.

कुटुंब व रखमाबाई खटला

त्यांनी जयंतीबाई या विधवेशी विवाह केला. जयंतीबाईंची पहिल्या विवाहातील कन्या रखमाबाई त्यांच्या घरी वाढल्या. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. परंतु त्या सासरी गेल्या नाहीत. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी न्यायालयात दावा दाखल केला. या प्रकरणात सखाराम अर्जुन मुलीच्या पाठीशी राहिले. सप्टेंबर १८८५ मध्ये पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. तो पाहण्यास ते हयात नव्हते. रखमाबाई पुढे लंडनमध्ये वैद्यक शिकल्या व त्यांनी सुरत येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

महत्त्व

भारतातील एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद हा स्वतंत्र घटक आहे. रुग्णाला समजेल असे बोलणे हा वैद्यकीय शिक्षणाचा भाग मानण्याच्या या विचाराशी सखाराम अर्जुन यांचे मराठी अध्यापन व लेखन जवळचे नाते सांगते.