मारियाबाईंचा वर्ग

कॉलेजचा तास म्हटलं की बाई सांगणार आणि मुली वहीत उतरवून घेणार, हेच आपल्याला ठाऊक! दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मारिया मिचेल यांना मात्र हे मुळीच मंजूर नव्हतं.

१८१८ मध्ये नान्टुकेट बेटावर त्यांचा जन्म झाला. बेट खलाशांचं, त्यामुळे घरोघरी आकाशाची ओळख. वडिलांनी लेकीच्या हाती दुर्बीण दिली. दिवसा ग्रंथपालाची नोकरी आणि रात्री छपरावरून आकाशाचे वेध असं चालू असताना १ ऑक्टोबर १८४७ रोजी त्यांना नवा धूमकेतू दिसला. डेन्मार्कच्या राजानं सुवर्णपदक दिलं. कॉलेजची पायरी न चढलेल्या मारियाबाई १८६५ मध्ये मुलींच्या वासर कॉलेजात खगोलशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

त्यांचा मुक्काम वेधशाळेतच. हजेरी नाही, गुण नाहीत. पण काम? ते भरपूर! सूर्यावरच्या डागांचे फोटो घ्यायचे, गुरू-शनीचे वेध घ्यायचे, आकडेमोड करायची ती मुलींनीच. पुस्तकातलं वाक्यसुद्धा पडताळल्याशिवाय मानायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

त्या काळी हे सोपं नव्हतं. उच्च शिक्षणानं मुलींची प्रकृती बिघडते, असं सांगणारं पुस्तक बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये लिहिलं आणि ते खूप गाजलं. मुलींना कॉलेजात पाठवावं की नाही, यावरच वाद पेटला.

मारियाबाई २९ जुलै १८७८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला माजी विद्यार्थिनींना घेऊन थेट डेन्व्हरला गेल्या. पथक सगळं बायकांचं. रेल्वे कंपन्यांच्या भांडणात दुर्बिणीची भिंगं वाटेतच अडकली, ती कशीबशी वेळेवर पोचली. खग्रास स्थिती जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटांची. तेवढ्यात एकटीनं काय काय बघणार? म्हणून कामं वाटून घेतलेली. कुणी सेकंद मोजतेय, कुणी सूर्याभोवतीचं तेज रेखाटतेय, कुणी दुर्बिणीला डोळा लावून बसलीय. नाजूक म्हणवल्या गेलेल्या मुलींचं उत्तर हे असं, कामातूनच!

१८८९ मध्ये मारियाबाई गेल्या. वेधशाळा त्यांचीच विद्यार्थिनी मेरी व्हिटनी हिनं सांभाळली. दुसरी विद्यार्थिनी एलन स्वॅलो १८७३ मध्येच एमआयटीची पहिली महिला पदवीधर झाली होती.

मैत्रिणींनो, लेक कॉलेजातून आली की काय शिकवलं, हे आपण विचारतोच. आज तू काय शोधलंस, हेही विचारून बघू या की!