भातखंडे : देशाटन आणि लखनौ

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशाने वकील. पत्नी व कन्या यांच्या निधनानंतर त्यांनी संगीतशोधार्थ देशाटन आरंभिले. १९०४ च्या दक्षिणयात्रेत तंजावर, मदुरा ही क्षेत्रे त्यांनी पाहिली खरी; परंतु त्यांचे तीर्थ म्हणजे हस्तलिखिते आणि विद्वानांशी वाद. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितर भेटले. व्यंकटमखीची ७२ मेळांची व्यवस्था अभ्यासून पुढे त्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी १० थाट ठरविले. उस्तादांविषयीचा त्यांचा निवाडा कठोर, क्वचित अन्यायकारकही होता. तरी त्यांच्याच चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरविल्या. १९२६ साली लखनौस मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले, ते या टिपणांच्या बळावर. घराण्यात न जन्मलेल्यालाही तेथे राग शिकता येऊ लागला. कंठातले बारकावे मात्र लिपीत पुरते मावले नाहीत.