पडद्यामागचा माणूस : गॅरी गायगॅक्स

होस्टेलवर राहून मेंढीकोट खेळला नाही असं कोणी सापडणं कठीण. बंद हुकूमाचा डाव आठवा. एकजण एक पान उलटं करून ठेवतो आणि हुकूम कुठला हे फक्त त्यालाच माहीत असतं. बाकीचे तिघं अंदाजानं खेळतात. ते पान चुकून जरी कुणाला दिसलं तरी डाव मोडावा लागतो. कारण सोपं आहे, एकदा पाहिलेलं विसरता येत नाही. नियम कितीही करा, डोक्यातली माहिती पुसायचा रबर अजून निघालेला नाही.

या एका अडचणीशी एक माणूस वर्षानुवर्षं झगडत राहिला. त्यांचं नाव गॅरी गायगॅक्स. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी ते एक.

गॅरी यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोला झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, शिकागोच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. गॅरी लहान असतानाच घर विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी हलवलं गेलं. अभ्यासात मात्र मन रमलं नाही. शाळा अर्धवट सोडली. पुढे शिकागोत एका विमा कंपनीत अंडररायटर म्हणून नोकरी धरली. एखाद्या घटनेची शक्यता किती आणि तिची किंमत किती, हे दिवसभर मोजायचं काम! संध्याकाळी घरी आले की टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून युद्धाचे खेळ. १९६८ साली त्यांनी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल भाड्यानं घेऊन अशा खेळाडूंचं संमेलन भरवलं. तेच पुढे ‘जेन कॉन’ नावानं जगभर प्रसिद्ध झालं. १९७० मध्ये नोकरी गेली. घर चालवण्यासाठी ते चक्क चपला-बूट दुरुस्त करू लागले, पण खेळांचे नियम लिहिणं थांबवलं नाही. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्याबरोबर मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियम निघाले आणि त्यात ड्रॅगन, मांत्रिक वगैरे मंडळींनाही जागा मिळाली.

आता थोडं मागं जाऊ, कारण लपवलेल्या माहितीची गोष्ट गॅरी यांच्याही आधीची आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात ‘क्रीगस्पील’ नावाचा युद्धसराव सुरू झाला. त्यात दोन बाजूंच्या मधे एक पंच असायचा. खऱ्या रणांगणावर सेनापतीला जेवढं दिसलं असतं तेवढंच तो त्या त्या बाजूला सांगायचा. पंचाची ही कल्पना फिरत फिरत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या खेळाडूंपर्यंत पोचली. तिथल्या डेव्ह आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाचं काल्पनिक जग उभं केलं. त्यात प्रत्येकाकडे अख्खी पलटण नसून एकच पात्र होतं. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी हा खेळ गॅरी यांना खेळून दाखवला. गॅरी भारावूनच गेले. आर्नेसन यांच्या नोट्सवरून त्यांनी नियम लिहायला घेतले आणि ते आधी घरातच, अर्नी आणि एलिस या आपल्या मुलांवर तपासले.

खेळ असा असतो. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो, म्हणजे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एकजण डंजन मास्टर होतो. भुयाराचा नकाशा, कुठल्या दारामागे काय आहे, कुठली पेटी विषारी आहे, हे फक्त त्यालाच ठाऊक. तो समोर काय दिसतंय ते सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथं खात्री नाही तिथं फासे टाकतात. भुयाराचा नकाशा खेळाडूंनी ऐकून ऐकून स्वतः काढायचा. तो चुकला तर परतीची वाटही चुकली!

प्रकाशक मिळेना म्हणून १९७३ मध्ये गॅरी यांनी डॉन के या मित्राबरोबर टीएसआर ही कंपनी काढली. के यांनी आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं. १९७४ च्या सुरुवातीला खेळाच्या हजार प्रती छापल्या आणि त्या वर्षभराच्या आत संपल्या. पुढच्याच वर्षी के अचानक वारले. कंपनी मात्र वाढत गेली.

आणि खेळ वाढला तशी ती मेंढीकोटची अडचण समोर आली. समजा, खेळात ट्रोल नावाचा राक्षस आहे. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात, फक्त आग किंवा ॲसिडची जखम भरत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे माहीत नसतं, त्यामुळे त्याचं पात्र मरतं. तो नवीन पात्र घेतो, कालपर्यंत नांगर धरणारा एक शेतकरी. ट्रोल दिसताच हा शेतकरी सरळ मशाल पेटवतो! त्याला कुणी सांगितलं? त्याला नाही, त्याच्या मालकाला माहीत आहे. खेळाडूचं ज्ञान आणि पात्राचं ज्ञान एकाच डोक्यात राहतं, खरी पंचाईत तीच.

गॅरी यांचा पहिला उपाय होता भिंत बांधण्याचा. १९७८ मध्ये खेळाडूंचं पुस्तक आलं, त्यात शत्रूला मारायला फाशावर किती हवेत याचे तक्ते नव्हतेच. ते १९७९ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात ठेवले आणि खेळाडूंनी ते वाचू नये अशी अपेक्षा धरली. काही फासे डंजन मास्टरनं पडद्याआड टाकावेत असंही सुचवलं. यामागचं लॉजिक मला फार आवडतं. गुप्त दार शोधताना फासा मी स्वतः टाकला आणि वाईट पडला, तर मला कळतं की दार असूनही हुकलं असेल. फासा पडद्याआड पडला आणि काही सापडलं नाही एवढंच कळलं, तर दार नाही की मला दिसलं नाही, हे मला ठरवता येत नाही. पात्राच्या मनात जेवढा गोंधळ, तेवढाच माझ्याही मनात!

दुसरा उपाय माहितीला किंमत लावण्याचा. सापडलेली तलवार जादूची आहे की शापित, हे नुसतं बघून कळत नसे. ओळखायचा मंत्र होता, पण तो म्हणणारा मांत्रिक काही काळ अगदी अशक्त होऊन जायचा.

पण भिंत टिकली नाही. डंजन मास्टरचं पुस्तक दुकानात सगळ्यांनाच मिळत होतं, आणि खेळाडूंनी ते घेतलंच. पेपर फुटल्यावर परीक्षेचं जे होतं तेच इथं झालं.

माझ्या मते गॅरी यांची खरी हुशारी तिसऱ्या उपायात दिसते. १९७६ च्या एका संमेलनासाठी त्यांनी एक साहस रचलं, ते १९८० मध्ये ‘एक्स्पिडिशन टू द बॅरिअर पीक्स’ नावानं छापलं गेलं. त्यात तलवारवाले योद्धे डोंगरात कोसळलेल्या अंतराळयानात शिरतात. तिथं किरणांच्या बंदुका पडलेल्या आहेत. खेळाडूला बंदूक दिसताच कळणार, पात्राला कशी कळेल? म्हणून गॅरी यांनी वस्तूंची नावं न सांगता फक्त चित्रं दाखवायची सोय केली, विचित्र आकाराची, नेमकं काय आहे ते पटकन न कळणारी. आणि वस्तू वापरायला शिकण्यासाठी दिला चक्क फ्लोचार्ट! फासे टाकत एकेका चौकटीतून पुढे सरकायचं. कधी वस्तू उमगते, कधी हातातच फुटते. म्हणजे ‘माहीत नसल्याचं नाटक कर’ असं खेळाडूला सांगावंच लागलं नाही. पात्र जसं चाचपडतं तसंच तोही चाचपडत होता. आपण फर्स्ट इयरला फ्लोचार्ट काढायला कंटाळतो, त्याचा असाही उपयोग होऊ शकतो हे वाचून मी तर थक्कच झालो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठं वादळ उठलं. खेळणारी मुलं स्वतःला पात्रच समजू लागतात, आत्महत्या करतात, असे आरोप झाले. १९८५ मध्ये गॅरी यांना टीव्हीवर येऊन बाजू मांडावी लागली. पुढे तपासणाऱ्यांना खेळ आणि आत्महत्या यांत कार्यकारण संबंध सापडला नाही. मला यात एक गंमत वाटते आणि वाईटही वाटतं. या खेळात सतत एकच सवय लागते : मला काय माहीत आहे आणि माझ्या पात्राला काय माहीत आहे, हे वेगळं ठेवण्याची. आरोप नेमका त्याच्या उलट होता.

त्याच वर्षी गॅरी यांच्यावर स्वतःच अंधारात राहायची वेळ आली. १९८३ पासून ते हॉलिवूडमध्ये होते, खेळावरच्या कार्टून मालिकेत गुंतलेले. इकडे कंपनी कर्जात बुडत होती. ते परतले, सूत्रं हाती घेतली आणि कारभार सांभाळायला लॉरेन विल्यम्स यांना आणलं. ऑक्टोबर १९८५ मध्ये संचालकांच्या बैठकीत त्यांना कळलं की भागीदार ब्लूम बंधूंनी आपले शेअर्स विल्यम्स यांनाच विकले आहेत. ते कोर्टात गेले आणि हरले. १९८६ मध्ये त्यांनी स्वतः उभी केलेली कंपनी सोडली. आर्नेसन यांनी श्रेयासाठी १९७९ मध्येच त्यांच्यावर दावा लावला होता, तो १९८१ मध्ये मिटला. म्हणजे सगळ्याच बाबतीत गॅरी निर्दोष होते असं नाही.

शेवटची वर्षं त्यांनी लेक जिनिव्हालाच काढली. चाहते भेटायला आले की घराच्या ओसरीवर डाव मांडायचे. ४ मार्च २००८ रोजी ते गेले.

मित्रांनो, भिंती, पडदे, फ्लोचार्ट, सगळं करून झाल्यावरही एक गोष्ट उरतेच. समोरच्याची पानं दिसली तरी न पाहिल्यासारखं खेळायचं की नाही, हे शेवटी आपणच ठरवायचं असतं. शेतकऱ्याच्या हातात मशाल द्यायची नाही, हे कुठलाही नियम सक्तीनं करू शकत नाही. पात्र मेलं तर मरू दे, पण ते प्रामाणिकपणे मरू दे! पुढच्या वेळी बंद हुकूमाचं पान चुकून दिसलं तर निदान सांगून टाका. डाव मोडेल, पण खेळ वाचेल.