डॉ. वू लिएन-ते आणि कापसाची पट्टी

दिवाळीच्या वेळी आमच्या सोयाबीनची मळणी झाली. आमचे आप्पा मळणीयंत्रावर होते. नाकाला उपरणे बांधले होते, तरी रात्रभर खोकत होते. मी गुरुजींना विचारले, नाक बांधले तरी धूळ आत कशी गेली? तेव्हा गुरुजींनी मला डॉ. वू लिएन-ते यांची माहिती सांगितली. ती मी इथे लिहिते.

डॉ. वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी पेनांग बेटावर झाला. हे बेट आता मलेशिया देशात आहे. त्यांचे वडील सोनार होते. ते चीनमधून तिथे आले होते. वू फार हुशार. त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९६ साली ते इंग्लंडला केंब्रिज येथे शिकायला गेले. डॉक्टर झाल्यावर पुढे ते चीनमध्ये काम करू लागले.

१९१० च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरिया भागात भयंकर साथ आली. माणसे खोकताना रक्त टाकायची आणि थोड्याच दिवसांत मरायची. सरकारने डॉ. वू यांना हार्बिन शहरी पाठवले. तेव्हा ते फक्त ३१ वर्षांचे होते. त्यांनी ओळखले की हा फुप्फुसाचा प्लेग आहे. तो खोकल्याच्या तुषारांतून एकाकडून दुसऱ्याला होतो.

मग त्यांनी साधाच उपाय केला. जाळीदार कापडाच्या घडीत सहा इंच लांब, चार इंच रुंद कापूस ठेवला आणि नाकातोंडाला बांधायची पट्टी केली.

मला वाटायचे, कापूस म्हणजे चाळणी. पण तसे नाही. कापसाच्या तंतूंमधल्या फटी पुष्कळ तुषारांपेक्षा मोठ्या असतात. हवा तंतूंना वळसे घालून जाते. तुषार जड असतो, त्याला पटकन वळता येत नाही. तो तंतूवर आपटून चिकटतो. आमच्या बोळात सायकल वळते, पण भरलेली बैलगाडी भिंतीला घासते, तसेच हे. अगदी बारीक कण हवेत इकडेतिकडे हलत असतात, ते पण तंतूला लागून अडकतात. थर जाड असला की जास्त अडकते, पण श्वासाला जोर लागतो. आणि हवा नेहमी सोपी वाट धरते. गालाजवळ फट राहिली की ती तिथूनच आत शिरते.

डॉ. मेस्नी नावाचे एक फ्रेंच डॉक्टर होते. त्यांना हे पटले नाही. ते पट्टी न बांधता रोगी तपासायला गेले आणि जानेवारी १९११ मध्ये प्लेगनेच वारले. मग पुष्कळ लोक पट्टी बांधू लागले. डॉ. वू यांनी रोग्यांजवळ राहिलेल्यांना मालगाडीच्या डब्यांत वेगळे ठेवले. साथीत सुमारे ६०,००० माणसे गेली, पण मार्च १९११ मध्ये हार्बिनची साथ थांबली. २१ जानेवारी १९६० रोजी डॉ. वू पेनांगला वारले. २०२० साली करोना आला तेव्हा आपण सगळ्यांनी मास्क बांधले.

परवा गव्हाची मळणी होती. आप्पांचे उपरणे एकेरी आणि सैल होते, म्हणून आईने दुहेरी कापडात कापूस घालून पट्टी शिवली. मी स्वतः ती गालाला फट न ठेवता बांधली. आप्पा हसले, पण रात्री झोपले. तुमच्या घरी मळणी असेल तर तुम्ही पण वडिलांना अशीच बांधा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी